आधी सांधा शोध

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. त्यात प्रश्न भरपूर आहेत, पण बहुतेक सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: यंत्राला खरंच विचार करता येतो की ते नुसतं सोंग आहे? यावर माझं मत हवंय तुला. देईन, पण लगेच नाही. संगणक शिकणाऱ्या माणसाला तत्त्वज्ञानाची ओढ लागली की पहिली उडी तो नेमकी इथेच मारतो आणि मग वर्षानुवर्षं तिथेच गटांगळ्या खातो. बाजू दोन, दोन्हीकडचे मुद्दे ठरलेले, वाद तर फार रंगतो आणि हाती काही लागत नाही. या प्रश्नाच्या तळाशी दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. तो दिसायला अगदीच क्षुल्लक: तुझ्या मेमरीत पडलेले बिट नेमके कशाचे असतात?

हे बत्तीस बिट बघ: ०१००००१० ००१०१००० ०००००००० ००००००००. पूर्णांक म्हणून वाचलेस तर ही संख्या १,१०,९९,१७,६९६ होते. फ्लोटिंग पॉइंट (संगणकाची अपूर्णांकी संख्या लिहिण्याची पद्धत) म्हणून वाचलेस तर हीच ४२ होते. अक्षरं म्हणून वाचलेस तर इंग्रजी वर्णमालेतलं दुसरं मोठं अक्षर, एक उघडा कंस आणि छापता न येणारी दोन चिन्हं. चित्र म्हणून वाचलेस तर एखाद्या ठिपक्याचा रंग. बिट तेच, त्यामागचा विद्युतभारही तोच. यातलं कोणतं वाचन खरं, हे त्या बत्तीस बिटांकडे कितीही निरखून पाहिलंस तरी कळणार नाही. टाइप, म्हणजे कसं वाचायचं याची खूण, शेजारच्या बिटांमध्ये लिहून ठेवलेला असतो, असं तू म्हणशील. मग त्या शेजाऱ्यांचं वाचन कोणी ठरवलं? ही साखळी ओढत गेलीस की ती कुठेतरी यंत्राच्या बाहेर येतेच. तिच्या टोकाला प्रमाणक ठरवणारी समिती असते, किंवा प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणारा, किंवा पडद्याकडे बघत बसलेली तू. देवनागरी 'क'ला युनिकोडमध्ये २३२५ हा क्रमांक आहे. त्या क्रमांकात 'क'चं काहीही नाही, फक्त चारचौघांनी मान्य केलेला करार आहे.

खूण आणि ती खूण ज्याची आहे ती वस्तू, यांच्या या जोडणीला मी आपला साधा शब्द वापरतो: सांधा. तत्त्वज्ञांनी तिला भारदस्त नावं दिली आहेत, ती तुला पुढे भेटतीलच. संगणकाने उभे केलेले बहुतेक तात्त्विक प्रश्न शेवटी या सांध्यापाशी येऊन थांबतात, असं मला दिसतं. म्हणून कोणताही मोठा दावा समोर आला, मग तो यंत्राच्या बाजूचा असो की विरुद्ध, तर आधी सांधा शोध. तो कोणी जोडलाय? कशाच्या भरवशावर? आणि निखळला तर कोणाला कळेल?

याची सुरुवात क्लॉड शॅनन या गणितज्ञ-अभियंत्यापासून करू. त्याने १९४८ मध्ये माहितीचं गणित मांडलं, आणि अगदी पहिल्या पानावरच स्पष्ट लिहिलं की संदेशाला अर्थ असतो खरा, पण अभियांत्रिकीच्या प्रश्नाशी त्या अर्थाचा संबंध नाही. हे त्याचं दुर्लक्ष नव्हतं, ती जाणूनबुजून केलेली निवड होती, आणि त्याच्या सिद्धांताचं सगळं बळ त्या निवडीत आहे. अर्थ बाजूला ठेवल्यामुळेच एकाच तारेतून गाणं, पत्र आणि क्ष-किरण चित्र पाठवता येतं. पण त्याची किंमत काय, तेही बघ. शॅननच्या मापाने यदृच्छेने टाइप केलेल्या अक्षरांच्या पानात नीट लिहिलेल्या पानापेक्षा जास्त माहिती असते, कारण पुढचं अक्षर कोणतं येईल याचा तिथे काहीच अंदाज बांधता येत नाही. आपण रोज 'माहिती' म्हणतो ती ही नव्हे. मेंदू, जनुकं, बाजार, विश्व, सगळं काही 'मुळात माहितीच' आहे अशी विधानं तुला वारंवार ऐकू येतील. प्रत्येक वेळी विचार, शॅननची माहिती की आपली? बऱ्याचदा बोलणारा वाक्याच्या सुरुवातीला एक अर्थ धरतो आणि शेवटी गुपचूप दुसऱ्यावर येतो.

सांधा निखळतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण मंगळाजवळ घडलं. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान ग्रहाच्या फार जवळून गेलं आणि हरवलं. जमिनीवरच्या सॉफ्टवेअरचा एक भाग आवेगाचा आकडा पाउंड-फोर्स सेकंदांत देत होता. पुढचा भाग तोच आकडा न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. बेरीज-वजाबाकी कुठेही चुकलेली नव्हती आणि आकडा एका फाइलीतून दुसरीत जाताना एक बिटही बदलला नव्हता. यंत्राच्या आत बसून पाहिलं असतं तर सगळं ठीकच दिसलं असतं. चूक होती ती आकडा आणि जग यांच्यामध्ये. लोक याला एककांचा घोळ म्हणतात आणि पुढे जातात. मला मात्र वाटतं, तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे उदाहरण पहिल्या दिवशी शिकवावं.

इथून एक प्रश्न निघतो, तो मला यंत्राच्या मनापेक्षाही जास्त छळतो: प्रोग्रॅम ही कोणत्या प्रकारची वस्तू आहे? तू फाइलीत लिहिलेला मजकूर म्हणजे प्रोग्रॅम, की त्या मजकुरामागचा गणिती घाट, की प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष घडणारी विजेची हालचाल? आपण तिन्हींना एकच नाव देतो आणि सोयीप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर जातो. १९८८ मध्ये जेम्स फेट्झर नावाच्या तत्त्वज्ञाने संगणकशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात नेमकं यावर बोट ठेवलं. प्रोग्रॅम बरोबर असल्याचा गणिती पुरावा देता येतो, असं मानणाऱ्यांना त्याचं सांगणं असं: पुरावा देता येतो तो गणिती घाटाचा. प्रत्यक्ष यंत्र ही जगातली वस्तू आहे, ते तापतं, झिजतं, आणि त्याच्याविषयी जे काही आपल्याला कळतं ते अनुभवाने, पुराव्याने नव्हे. मोठा गदारोळ झाला. नामवंत संगणकशास्त्रज्ञांनी संतापून पत्रं लिहिली. ती आज वाचताना मजा येते, कारण त्यातली बरीचशी मूळ मुद्दा सोडून भलतीकडेच गेलेली आहेत.

माझं मत विचारशील तर फेट्झरचा मुद्दा बरोबर होता, त्यातून त्याने काढलेला निराशेचा सूर चुकीचा होता. पुढे काय झालं ते बघ. २००९ मध्ये सेल-फोर या एका छोट्या ऑपरेटिंग सिस्टिम गाभ्याचा संपूर्ण पुरावा यंत्राकडून तपासून घेण्यात आला. तो करणाऱ्यांनी आपण काय काय गृहीत धरलंय हे उघड मांडलं: कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या सूचनांत बदलणारा प्रोग्रॅम) बरोबर आहे, हार्डवेअर सांगितल्याप्रमाणे वागतं, सुरुवातीचा बूट कोड ठीक आहे. ही यादी मला पुराव्याइतकीच मोलाची वाटते. गणित कुठे संपतं आणि विश्वास कुठे सुरू होतो, ती रेघ त्यांनी स्वतःच्या हाताने आखली. (नंतरच्या वर्षांत कंपायलरचं गृहीतक बरंचसं दूर झालं. रेघ पुढे सरकली, पण पुसली गेली नाही.) आरियान-५ या रॉकेटचं पहिलं उड्डाण १९९६ मध्ये सुमारे ४० सेकंदांत संपलं, कारण आरियान-४चा चालता कोड त्यात जसाच्या तसा घेतला होता. जुन्या रॉकेटचा आडवा वेग अमुक मर्यादेच्या आत राहतो, हे गृहीतक कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते कोडच्या बाहेर, जुन्या रॉकेटमध्ये होतं. नव्या रॉकेटने ती मर्यादा ओलांडली, ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, आणि अभियंत्यांच्या भाषेत सॉफ्टवेअर 'सिद्ध झालेलं' असूनही रॉकेट गेलं.

याच वाटेवर एक जरा विक्षिप्त वाद आहे, त्यात फार अडकू नकोस. तत्त्वज्ञ जॉन सर्ल म्हणाला, माझ्यामागच्या भिंतीतले रेणू इतके हलतात की योग्य वाचन केलं तर ती भिंतसुद्धा एखादा प्रोग्रॅम चालवते आहे असं म्हणता येईल. तत्त्वज्ञ हिलरी पटनमनेही तशीच मांडणी केली होती. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने १९९६ मध्ये दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटतं: प्रोग्रॅम चालवणं म्हणजे नुसती घडलेल्या अवस्थांची रांग लावणं नव्हे. इनपुट वेगळं असतं तर पुढची अवस्थाही ठरल्याप्रमाणे वेगळी आली असती, हेही त्यात यावं लागतं. भिंत तेवढं करत नाही. तुझा प्रोसेसर करतो.

आता अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाकडे येऊ. १९३६ चा त्याचा लेख तू वाचलेला नाहीस, सारांश वाचलेला आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळतं. तू लिहितेस की 'एखादा प्रोग्रॅम थांबेल की नाही हे संगणकाला कळू शकत नाही, म्हणून माणूस संगणकाच्या वर आहे.' यातला पहिला अर्धा सैल आहे आणि दुसरा त्यातून निघतच नाही.

सिद्ध झालेली गोष्ट अशी: कोणताही प्रोग्रॅम आणि कोणतंही इनपुट दिलं तर तो थांबेल की नाही याचं अचूक उत्तर प्रत्येक वेळी देणारा एकच प्रोग्रॅम असू शकत नाही. युक्तिवाद छोटा आहे. समज, असा सर्वज्ञ प्रोग्रॅम आहे. मग मी एक खोडसाळ प्रोग्रॅम लिहितो. तो स्वतःचाच मजकूर त्या सर्वज्ञाला दाखवतो. सर्वज्ञ म्हणाला 'हा थांबेल' तर हा अनंत फेऱ्या मारत बसतो, आणि म्हणाला 'नाही थांबणार' तर तत्काळ थांबतो. काहीही उत्तर दिलं तरी सर्वज्ञ खोटा ठरतो. इथे एखाद्या विशिष्ट प्रोग्रॅमबद्दल काहीच म्हटलेलं नाही. असंख्य प्रोग्रॅम थांबतात हे आपण आणि यंत्रं दोघंही रोज सिद्ध करतो. आणि माणसाला तरी प्रत्येक प्रोग्रॅमचं उत्तर देता येतं, हे कोणी दाखवलं? गणितातली जुनी अनुत्तरित कोडी 'हा प्रोग्रॅम थांबेल का' या रूपात लिहिता येतात आणि तिथे आपणही अडकून बसलेलो आहोत. गोडेलचं प्रमेय सांगतं की पुरेशा समर्थ, विसंगतीमुक्त नियमपद्धतीत काही खरी विधानं सिद्ध न होता उरतातच. त्यावरून माणसाचं श्रेष्ठत्व सिद्ध करण्याचा प्रयत्न तत्त्वज्ञ लुकासने १९६१ मध्ये केला, पुढे भौतिकशास्त्रज्ञ पेनरोजनेही केला. दोघांनाही एक गोष्ट फुकट हवी असते: आपली स्वतःची विचारपद्धती विसंगतीमुक्त आहे याची खात्री. ती कोणाकडे आहे?

त्या लेखातली खरी तात्त्विक जागा वेगळीच आहे आणि सारांशांत ती गळून पडते. 'नियमाप्रमाणे, डोकं न वापरता, कागद-पेन्सिलने करता येणारी आकडेमोड' ही आपली रोजची, ढोबळ कल्पना. 'ट्युरिंग यंत्राने (फितीवरची चिन्हं एकेक वाचत-लिहीत जाणाऱ्या काल्पनिक यंत्राने) करता येणारी आकडेमोड' ही काटेकोर व्याख्या. दोन्ही एकच आहेत, हा दावा. त्याच वर्षी तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च दुसऱ्या वाटेने तिथेच पोचला होता. या दाव्याला प्रबंध म्हणतात, प्रमेय म्हणत नाहीत, कारण त्याचं एक टोक गणितात आहे आणि दुसरं माणसांच्या व्यवहारात. ट्युरिंगने मग काय केलं? तो कागदावर आकडेमोड करणाऱ्या माणसाकडे बघत राहिला. एका नजरेत किती चिन्हं मावतात, मनाच्या किती अवस्था वेगळ्या ओळखता येतात, एका पावलात काय काय बदलता येतं. त्या निरीक्षणातून त्याने यंत्र घडवलं. म्हणजे साऱ्या संगणकशास्त्राचा पाया ज्या दगडावर उभा आहे तो गणिताचा नाही, नीट केलेल्या तात्त्विक विश्लेषणाचा आहे. 'तत्त्वज्ञान अभियंत्याच्या काय कामाचं' असं विचारणाऱ्या तुझ्या मित्रांना हे सांग.

आता तुझा मूळ प्रश्न. १९५० मध्ये ट्युरिंगनेच 'यंत्रं विचार करू शकतात का' हा प्रश्न चर्चा करण्याइतकाही अर्थपूर्ण नाही असं म्हणून बाजूला ठेवला आणि त्याऐवजी संभाषणाचा खेळ सुचवला: न दिसणाऱ्याशी लिहून बोलायचं आणि तो माणूस की यंत्र हे ओळखायचं. १९८० मध्ये सर्लने चिनी खोलीचं उत्तर दिलं: खोलीत बसलेल्या, चिनी न येणाऱ्या माणसाने नियमांची वही बघून चिठ्ठ्यांना बिनचूक उत्तरं दिली, तरी त्याला चिनी समजत नाही. सर्लच्या या भागाशी माझं भांडण नाही. बत्तीस बिटांचं उदाहरण तेच सांगतं: चिन्हांच्या रचनेतून अर्थ आपोआप ठरत नाही. भांडण आहे ते पुढे. मेंदूत मात्र काही खास कारणशक्ती आहेत ज्यातून अर्थ उपजतो, असं तो म्हणतो आणि तिथेच थांबतो. हे उत्तर नव्हे, उत्तर असावं अशी इच्छा आहे.

मी असं विचारतो: खोलीतल्या चिठ्ठ्यांचे सांधे कुठे आहेत? बाहेरच्या चिनी माणसांकडे. एलायझाचेही तिथेच होते. जोसेफ वायझेनबाउमने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला हा छोटा प्रोग्रॅम समोरच्याचीच वाक्यं फिरवून त्याला प्रश्न विचारायचा. तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिलेली त्याची सचिव, तो नुसता प्रोग्रॅम आहे हे पक्कं ठाऊक असूनही, संभाषण सुरू झाल्यावर वायझेनबाउमलाच खोलीबाहेर जायला सांगती झाली. सगळे सांधे तिने पुरवले होते.

आजची भाषा-मॉडेलं एलायझापेक्षा फार वेगळी आहेत, आणि दोन्हींना एकाच मापाने मोजणारे आळशी आहेत. ती कोट्यवधी माणसांच्या लिखाणातून घडलेली आहेत, आणि त्या माणसांचे शब्द जगाशी जोडलेले होते. म्हणजे मॉडेलचे सांधे उसने आहेत. पण उसने म्हणजे खोटे, असं घाईने ठरवू नकोस. मी न्यूट्रॉन तारा कधी पाहिलेला नाही, तरी त्याविषयी बोलतो. माझा शब्द खगोलशास्त्रज्ञांच्या आधाराने उभा असतो. आपल्या बोलण्यातला केवढा तरी भाग असाच उसना असतो. फरक मला इथे दिसतो: तू मला खोडून काढलंस तर मला जाऊन विचारावं लागतं, दुरुस्त व्हावं लागतं, चुकीचं बोलण्याचे परिणाम सोसावे लागतात. माझं बोलणं जगाला बांधलेलं राहतं ते या ओढाताणीमुळे. एखाद्या यंत्रणेत ही ओढाताण किती आहे, हे तपासता येतं, आणि ते 'आहे' किंवा 'नाही' असं नसून कमी-जास्त असतं. म्हणून 'समजतं का' याचं उत्तर मी 'कशाबद्दल, किती, आणि चुकल्यावर काय होतं' असं विचारूनच देईन. काही बाबतींत होय, बऱ्याच बाबतींत वरवर, काही बाबतींत अजिबात नाही. आणि त्याला काही जाणवतं का, वेदना होते का, हा प्रश्न यापासून पूर्ण वेगळा ठेव. समजण्याविषयीचा कोणताही युक्तिवाद जाणिवेच्या प्रश्नावर चालत नाही. तुझ्या पत्रात हे दोन्ही सतत एकमेकांत मिसळले आहेत.

खरं तर माझ्या मते आपल्या काळाचा तातडीचा प्रश्न यंत्राच्या मनाचा नसून आपल्या ज्ञानाचा आहे. यंत्राने सांगितलेलं 'मला माहीत आहे' असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कधी मिळतो? १९७६ मध्ये केनेथ अ‍ॅपल आणि वोल्फगांग हाकेन या गणितज्ञांनी चार रंगांचं प्रमेय सिद्ध केलं: सपाट कागदावरचा कोणताही नकाशा, शेजारचे दोन प्रदेश एका रंगाचे न होऊ देता, चार रंगांत रंगवता येतो. त्यासाठी संगणक हजाराहून जास्त तास चालला, आणि ती पडताळणी कोणा एका माणसाला वाचून तपासता येण्यासारखी नव्हती. टिमॉच्को या तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये विचारलं, मग हे गणित उरलं की प्रयोग झाला? २००५ मध्ये जॉर्ज गॉन्तिए या संशोधकाने संपूर्ण पुरावा एका पुरावा-तपासनीस प्रोग्रॅमकडून पडताळून घेतला. विश्वास ठेवावा लागतोच, पण आता तो त्या तपासनीसाच्या छोट्या गाभ्यावर ठेवावा लागतो, हजारो तासांच्या आकडेमोडीवर नाही.

इथे मला आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, फार उपयोगी वाटतात. त्यांची प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं, चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. आता यंत्राच्या उत्तराकडे बघ. ते वाक्याच्या रूपात येतं, छान, ठामपणे येतं, म्हणून आपण त्याला शब्दप्रमाण समजतो. पण तिथे जशी आहे तशी सांगण्याची इच्छा आहे, असं धरायला आपल्याकडे काय आधार आहे? माझ्या मते यंत्राचं उत्तर शब्दाच्या नव्हे, अनुमानाच्या घरात बसवावं. ते उत्तर म्हणजे धूर. धुरावरून अग्नी आहे म्हणायचं तर 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती तुझ्याकडे पक्की हवी, आणि ती पक्की करण्याचं काम तुझं. ठाम सूर हा व्याप्तीचा पुरावा नसतो.

आणि नैयायिक पुढे जाऊन सांगतात की व्याप्तीत उपाधी, म्हणजे न दिसणारी जादा अट, लपलेली असू शकते. 'जिथे धूर तिथे अग्नी' चालतं, पण 'जिथे अग्नी तिथे धूर' चालत नाही, कारण धूर यायला ओलं इंधन लागतं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नुसती चुलीजवळची निरीक्षणं जमवणाऱ्याला ही ओल कधीच दिसणार नाही. न्यूमोनियाच्या रुग्णांचं उदाहरण घे. नव्वदच्या दशकात कोणत्या रुग्णाच्या जिवाला धोका जास्त, याचा अंदाज बांधणारी मॉडेलं तयार केली गेली. रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी ती हकिकत २०१५ मध्ये पुन्हा मांडली. त्यातलं नियमांवर चालणारं एक मॉडेल डेटातून हे शिकलं: न्यूमोनियाबरोबर दमा असेल तर धोका कमी. डेटात ते खरंच होतं! दमेकऱ्यांना थेट अतिदक्षता विभागात नेलं जायचं आणि त्या जादा काळजीमुळे ते वाचायचे. त्या अंदाजावरून त्यांना घरी पाठवलं असतं तर? जादा काळजी ही तिथली ओल होती. (व्याख्येच्या काटेकोर चौकटीत हे उदाहरण बसवायला थोडी कसरत लागेल, नैयायिकांनी मला माफ करावं.) त्या मॉडेलांत सगळ्यांत अचूक ठरलेलं न्यूरल नेटवर्क होतं, पण ते वापरायचं नाही, असं संशोधकांनी ठरवलं. हा एक नियम निदान वाचता तरी आला. नेटवर्कच्या पोटात असे आणखी किती असतील, हे वाचायची सोय नव्हती.

तुझ्या प्रॉजेक्टबद्दल हेच म्हणायचंय. कोणता विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडेल याचा अंदाज तू बांधते आहेस. डेटातल्या 'गळती' या रकान्यात १ कोणी भरला? दुसऱ्या संस्थेत गेलेल्याला तिथे काय लिहिलं? आजारपणात वर्ष बुडालेला, पुढे परत आलेला त्यात कुठे आहे? अचूकतेचा आकडा मला पाठवलास, तो चांगला आहे, पण तो रकाना आणि जग यांच्यातल्या सांध्याविषयी एक अक्षर बोलत नाही. तो बोलतो रकान्याविषयी.

न्याय्यतेचंही तसंच. २०१६ च्या सुमारास संशोधकांच्या दोन वेगळ्या गटांनी गणिताने दाखवलं की दोन समूहांत एखाद्या घटनेचं मूळ प्रमाण वेगळं असेल आणि अंदाज परिपूर्ण नसेल, तर न्याय्यतेच्या काही अगदी वाजवी वाटणाऱ्या अटी एकत्र पाळता येत नाहीत. 'जास्त जोखीम' या शिक्क्याचा अर्थ दोन्हीकडे सारखा ठेवावा, की चुकून शिक्का बसणाऱ्यांचं प्रमाण सारखं ठेवावं? एक धरलंस तर दुसरं सुटतं. कोणतं सोडायचं हे डेटा सांगणार नाही. आणि 'अल्गोरिदमने ठरवलं' असं कोणी म्हणालं की समज, ठरवणाऱ्याला आपलं नाव पुढे यायला नको आहे.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, अभियांत्रिकी सोडून तत्त्वज्ञानाला प्रवेश घेऊ का. नको, निदान आत्ता नको. या विषयात सगळ्यांत पोकळ लिहिणारे दोन प्रकारचे: कधी प्रोग्रॅम न लिहिलेले तत्त्वज्ञ, आणि आपण तत्त्वज्ञान करतो आहोत हे न कळलेले प्रोग्रॅमर. तू दोन्ही टाळू शकतेस. कंपायलर लिहायला शीक, निदान एक लहानसा तरी. मजकुराची कृती कशी होते हे त्याने जेवढं कळतं तेवढं दहा पुस्तकांनी कळत नाही. तर्कशास्त्र नीट कर, गोडेलपर्यंत. न्यायदर्शनाची एखादी बाळबोध ओळख वाच, पारिभाषिक शब्दांना न घाबरता. आणि मतप्रदर्शनाचे लेख काही महिने बंद ठेव, माझ्यासारख्यांचीही पत्रं त्यात धर.

मूळ लेख मात्र वाच. १९५० चा ट्युरिंग एका बैठकीत होईल, त्यात विनोदही आहेत. १९३६ चा जड जाईल. नवव्या भागातलं आकडेमोड करणाऱ्या माणसाचं वर्णन आधी वाच, मग सुरुवातीला ये. सार्वत्रिक यंत्राच्या (इतर कोणत्याही यंत्राची नक्कल करणाऱ्या यंत्राच्या) तपशिलात बग आहेत. ते पुढे इतरांनी शोधून काढले. यंत्राचे तक्ते कोडमध्ये उतरव, चालव, आणि कुठे अडतं ते मला लिही.

तुझा,
जुना शिक्षक